मूळ जाळीच्या खाली

बाबांना थंडी वाजायची. एवढ्यावरून हे सगळं सुरू झालं.

हीटर लावा, दोन पांघरुणं घाला, खिडकीच्या फटीत जुन्या चादरीचे बोळे कोंबा. बाबा आपले कुडकुडतच. दिवसभर त्यांच्याकडे बघायला ठेवलेली मावशी म्हणायची, "ताई, ही खोलीच गारठा प्यायलीय. सरांचा दोष नाही." बाबा शाळेत पी.टी.चे सर होते, म्हणून मावशीच्या तोंडी सर. आता त्यांना ना शाळा आठवत होती, ना मुलं. अधूनमधून ते पलंगावरूनच "विश्राम" म्हणत, आणि मावशी हातातली बादली खाली ठेवून खरंच पाय फाकवून उभी राहायची. मग दोघंही हसायची.

त्यांच्या लेकीचं पोट भट्ट्यांवर चालायचं. कुठल्या भट्टीत, कुठल्या शीतगृहात उष्णता कशी पसरते, कुठे अडते, तासाभरानंतर कुठे असेल, हे कॉम्प्युटरवर काढून द्यायचं काम. जगाच्या भट्ट्यांची नाडी बघणाऱ्या बाईला स्वतःच्या बापाची खोली ऊबदार करता येऊ नये? एका सुट्टीच्या सकाळी तिने ते मनावर घेतलं. फोनचा कॅमेरा चौफेर फिरवून कॉम्प्युटरसाठी खोलीचा साचा घेतला: पलंग, पडदा, टेबल, त्यावरचा पेला, भिंतीवरचं घड्याळ, आणि पलंगावर डुलकी लागलेले बाबा. बाबाही साच्यात हवेतच. उष्णतेच्या हिशेबात माणूस म्हणजे एक लहानशी शेगडी. भिंतींना तापमापकं चिकटवली, त्यांच्या वायरी शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला जोडल्या, आणि प्रोग्राम सुरू केला.

हा प्रोग्राम काय करतो, ते इथेच सांगून टाकलेलं बरं. अख्ख्या खोलीचे तो लहान लहान त्रिकोणी तुकडे करतो, मासे धरायचं जाळं टाकावं तसे, आणि एकेका तुकड्याचा क्षणाक्षणाचा हिशेब मांडतो. तुकडे जितके बारीक तितकं उत्तर खरं, आणि तितकाच कॉम्प्युटर घामाघूम. म्हणून तो हात राखून काम करतो. जिथे खळबळ आहे तिथे जाळी बारीक विणायची. जिथे काहीच घडत नाही तिथे शेजारच्या सारख्या तुकड्यांना जोडून एक करून टाकायचं. काळाचंही तसंच. गडबड असेल तर मुंगीची पावलं. सगळं शांत असेल तर लांब लांब ढांगा.

या धंद्यात एक पथ्य पाळतात. तुकडे जोडत जोडत मूळ जाळीच्या, म्हणजे साच्यावर पहिल्यांदा टाकलेल्या जाळीच्या, खाली उतरायचं नाही. पेला गोल आहे हे मूळ जाळीला ठाऊक असतं. तिच्याखाली गेलात, तर तो कधी गोल होता हे प्रोग्रामला कुठून कळणार? ऑफिसात सगळे ज्यांना गुरुजी म्हणत ते तिचे साहेब नव्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावत: "हवं तेवढं जोडा, मूळ पायाला हात लावू नका."

घरचा कॉम्प्युटर म्हातारा होता. धापा टाकत होता. तिने पथ्य काढून टाकलं. घरचंच तर काम, कोण बघायला येतंय.

कॉम्प्युटर लगेच शांत झाला.

*

आधी पेला.

बाबांनी अर्धं पाणी तसंच ठेवलं, ते तिनेच पिऊन टाकलं, आणि ओठाला कोपरा लागला. तिने पेल्याच्या कडेवरून बोट फिरवलं. कोपरा, सरळ, कोपरा, सरळ. पैलूदार पेला असेल, आपलंच लक्ष नसेल. तिने तो विसळून परत ठेवला.

मग पडदा. त्याला चुण्या होत्या. आता तो दारावर टेकवलेल्या फळीसारखा सरळ लोंबत होता.

"मावशी, पडदा इस्त्री केलात?"

"मला काय दुसरे उद्योग नाहीत का, ताई?"

"आणि हे घड्याळ आठ कोनांचं कधी आलं?"

मावशीने मान वर करून घड्याळाकडे पाहिलं. "असंच असेल पहिल्यापासून. मी वेळ बघते, आकार नाही बघत."

तिने स्वतःला दटावलं. ऑफिसात दिवसभर त्रिकोण बघायचे आणि घरी येऊन तेच बघायचे. डोळ्यांनी संप करायचा नाही तर काय. जाऊन आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. नंबर तपासला. वाढलेला नव्हता.

एका दुपारी मावशी म्हणाली, "सर काय तरुण दिसायला लागलेत. काय लावता हो त्यांना? मलाही द्या थोडं."

बाबांच्या कपाळावर मैदानाच्या उन्हाने पाडलेल्या तीन खोल आठ्या होत्या. लहानपणी ती त्यांत बोट घालून आगगाडी चालवायची. ती जवळ गेली. कपाळ कोऱ्या पाटीसारखं होतं.

ओल्या फडक्याने ती त्यांचे कान पुसायला लागली, रोजच्यासारखं, बोटावर फडकं गुंडाळून, वळ्यांमधून. बोट अडलं नाही. वळ्या नव्हत्या. कान म्हणजे दुमडलेल्या पुठ्ठ्यासारखी एक घडी होती, आणि मध्ये एक भोक.

"बाबा, ऐकू येतंय?"

बाबांनी शांतपणे मान हलवली. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. त्या खोलीत आता काहीच होत नव्हतं. ती कॉम्प्युटरपाशी गेली. स्क्रीनवर बाबांची आकृती मूठभर मोठाल्या त्रिकोणांची झाली होती, घडी घातलेल्या कागदी होडीसारखी. तिने प्रोग्राम बंद केला. वायरी उपटल्या. भिंतीवरची तापमापकं सुरीने खरवडून काढली.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या बोटांवर ठसे नव्हते.

*

"गुरुजी, ढोबळ झालेलं परत बारीक करता येतं ना?"

फोनवर मागे त्यांच्या घरी कुणीतरी भांडी लावत होतं. "येतं की. सोपं आहे. काय बिघडलं?"

"घरचा एक... एक नमुना आहे. मूळ जाळीच्या खाली गेला."

"अगं, तुला कुणी सांगायला हवं होतं का हे? बारीक होईल, पण सपाटाचे बारीक तुकडे सपाटच राहणार. मूळ साचा असेल तर त्यावरून कर पुन्हा."

साचा होता. तो तिने उघडून पाहिला. कॅमेरा फिरवला तेव्हाचा साचा. त्यातही घड्याळ आठ कोनांचं होतं.

"आणि साचाच गेला असेल तर?"

"तर विसर. नवीन घे." मग म्हणाले, "अगदीच नड असेल तर खळबळ कर तिथे. उष्णता दे, धक्का दे. जाळी आपसूक घट्ट होते. काहीतरी तपशील येईल. जुनाच येईल असं नाही."

"नवीन घेता येत नाही, गुरुजी," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

*

खळबळ. तिने खिडक्या उघडल्या, मिटल्या. हीटर चालू, बंद, चालू. गरम पाण्याची पिशवी बाबांच्या पायांशी, मग छातीशी. रेडिओ मोठ्याने. पलंग या भिंतीहून त्या भिंतीला. वारा आत शिरला की पडद्यावर दोन-चार चुण्या उमटायच्या. खिडकी लावली की जायच्या. बाबा पिशवीच्या चटक्याने नाक मुरडायचे, नाकाशेजारी एक रेघ यायची, आणि ती बघता बघता पुसली जायची.

शिवाय दुसरंही सुरू झालं होतं. त्या खोलीत ती चहा घेऊन बसली, कप उचलला, आणि

चहावर साय धरली होती. ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं होतं. मध्ये काही झालं नव्हतं. झोपही नाही, विचारही नाही. काळाची ढांग पडली होती.

*

बाबा अधूनमधून विचारायचे, "ही कुठाय?" ही म्हणजे आई. त्यावर घराचं एक ठरलेलं उत्तर होतं, मावशीलाही शिकवून ठेवलेलं: "येतेच आहे." बाबा "बरं" म्हणत आणि विसरून जात. आई गेल्याला तीन वर्षं झाली होती. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, दर वेळी खरं सांगाल तर दर वेळी नव्याने मरेल ती त्यांच्यासाठी.

त्या दिवशी ती पलंग ओढून ओढून थकली होती.

"ही कुठाय?"

"आई गेली, बाबा. वारली."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या कपाळावर, एकामागून एक, तीन आठ्या उमटल्या. डोळ्यांखालच्या पिशव्या भरून आल्या. हनुवटी चुरगळली. तोंडाभोवती, मानेवर, हातांच्या पाठीवर असंख्य बारीक रेघा धावत सुटल्या, आणि कानांत वळ्या उभ्या राहिल्या.

"कधी?" ते म्हणाले. आणि मग, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला ओळखून, "ठके, आणि तू एकटीच होतीस गं?"

ती त्यांच्या गळ्यात पडून रडली. बाबा तिच्या पाठीवर थोपटत होते, आणि त्यांच्या बोटांचा खरखरीतपणा तिला कपड्यांतून कळत होता.

दिवे लागायच्या आत ते विसरले. चेहरा पुन्हा पाटी.

उद्या पुन्हा सांगायचं, असं तिने ठरवलंही नाही. ठरवायला काही उरलंच नव्हतं.

*

आई गेली, बाबा.

आई गेली, बाबा. दवाखान्यात.

आई गेली. तुमचं नाव घेत गेली.

"ताई," मावशी दारात उभी होती, हातात धुतलेले कपडे. "काय चाललंय हे?"

"त्यांना बरं वाटतंय त्याने. बघा ना, कसे ओळखतात मला."

"ओळखतात? टाहो फोडतात ते." मावशीने कपडे खुर्चीवर ठेवले. "खाटीकसुद्धा एकदाच मारतो हो."

"तुम्हाला नाही कळायचं, मावशी."

"नकोच कळायला." तिने चप्पल घातली. जाताना बाबांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. "सर, येते हं. विश्राम."

बाबांनी तिच्याकडे सपाट चेहऱ्याने पाहिलं. दुसऱ्या दिवशी मावशी आली नाही.

*

आई गेली. दोन आठ्या आल्या.

आई गेली. एकच आली, तीही आडवी नव्हे, तिरकी. तशी बाबांना कधीच नव्हती.

तिने ऑफिस सोडलं. ऑफिसचं काय, बाबा रोज थोडे थोडे हातातून चालले होते, आणि त्यांना धरायला तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं. आईचं पुरेना, तेव्हा तिने आत्याला मारलं. मग शाळेला आग लावली. मुलं आत होती म्हणाली. बाबांचा चेहरा एवढा गजबजला, की त्यात बाबा सापडेनात. कुणाच्या कुणाच्या रेघा होत्या त्या.

तरी ती आनंदली.

मग तेही विरलं.

"बाबा, मला आजार झालाय. मी जाणार आता."

ती वाट बघत होती. बाबांनी तिला न्याहाळलं. काही उमटलं नाही. फक्त डोळे, ते अजून गोल होते, ते तिच्यावर ठरले.

"ठके," ते म्हणाले. "दमलीस."

"नाही दमले, बाबा."

"पुरे आता. पुरे कर."

ती पलंगाच्या कडेवर बसली. ओरडावंसं वाटलं, पण ओरडून चार रेघा येतात आणि पुसल्या जातात, हे तिला ठाऊक झालं होतं.

"ही कुठाय?" बाबांनी विचारलं.

तिने त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

"येतेच आहे," ती म्हणाली.

"बरं."

*

तिने त्यांचा हात हातात घेतला. दोघांचे हात सारखेच ऊबदार होते, जाळीतल्या शेजारच्या दोन सारख्या तुकड्यांसारखे.

खिडकीत ऊन होतं.

खिडकीत ऊन नव्हतं.

पडदा होता. भिंत होती. आता काही सांगायचं नव्हतं, काही धरायचं नव्हतं, आणि तिला बरं वाटत होतं. बाबांनाही वाटत असावं. दोघांना सारखंच.

खिडकीत ऊन होतं.

बाबांना पाणी द्यायला हवं, असं तिला वाटलं. ती हात सोडवायला गेली. आधी तिने आपला अंगठा शोधला. मग बोटांच्या मधली फट. मग नुसती कड, कुणाच्याही हाताची.