वर्षाच्या आत

त्याला मी लॅपटॉपसमोर बसवलं आणि सांगितलं, "आता मी एक शब्दही बोलणार नाही. तुम्ही अडलात तरी नाही. खेळा."

हेल्मेट मांडीवर घेऊन तो बसला. दारात त्याने "मिरजगावहून आलोय" एवढंच म्हटलं होतं, आणि माझी मैत्रीण राजनंदिनी तिच्या मिरजगावच्या चुलतभावाला पाठवणार होती. पुण्यातल्या एका गेम कंपनीने मला नमुना म्हणून छोटा गेम करून मागितला होता. नगरला कोर्स संपवल्यापासून कुणाकडून आलेलं हे पहिलंच उत्तर. गेम पाठवण्याआधी तो अनोळखी माणसाला खेळायला द्यायचा आणि बनवणाऱ्याने शेजारी गप्प बसून बघायचं, अशी या कामाची रीत आहे.

गेम साधा होता. माळरान, काळविटांचा कळप, आणि पुढे चालणारा एक वनरक्षक. त्याच्या चालीने मागोमाग पाणवठ्यापर्यंत जायचं. घाई केली की कळप उधळतो.

माझे आण्णा अभयारण्यात वनरक्षक होते. गेल्या भाद्रपदात गेले. पडद्यावरच्या माणसाला मी त्यांची चाल दिली होती — हात पाठीमागे, उजवा खांदा जरा खाली. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मुलाने पहिल्याच झटक्यात त्या माणसाला मागे टाकलं आणि पळत सुटला. कळप उधळला. पुन्हा सुरुवात. पुन्हा पळाला. मी ओठ मिटून त्याच्या बोटांकडे बघत होते. बोटं लांब होती, नखांच्या कडेला पाइप चिकटवायचं सोल्यूशन वाळलेलं. मधेच तो माझ्याकडे बघायचा, मी भिंतीकडे. मग मी त्याच्याकडे बघायचे तेव्हा तो... पडद्याकडे बघत हसायचा.

शेवटी त्याने हात बाजूला घेतला. "एक सांगू का? ह्यो पुढचा माणूस एकदाबी मागं बघत न्हाई. मग मला कसं कळायचं, ह्याच्या मागं जायचंय म्हणून?"

रीत मोडून मी बोललेच. "तो कामावर आहे. मागे बघायला त्याला वेळ नसतो."

"असूंद्या की. पण संगं कुनाला आणलंय, तर त्ये येतंय का ऱ्हायलं, एवढं तरी बघंल ना?"

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. ह्याला कुणी विचारलं होतं? हो, मीच विचारलं होतं. म्हणून तर राग जास्त.

तेवढ्यात अंगणात जीप थांबली. लंकाआत्या उतरली, पाठोपाठ एक फेटेवाले गृहस्थ, त्यांची बायको, आणि पेढ्यांचा पुडा. आत्याने खोलीत डोकावून बघितलं आणि तिचा चेहरा खुलला. "आगं बया, अंगदराव आधीच आले व्हय? बोलणंबी सुरू झालं?"

राजनंदिनीचा भाऊ आलाच नव्हता. हा मला बघायला आलेला मुलगा होता, आणि आपल्याला कुणीतरी बघायला येणार आहे हे मला माहीतच नव्हतं. सांगितलं असतं तर दार लावून बसली असतीस, असं आत्या नंतर म्हणाली. आईला माहीत होतं. ती माझ्याकडे न बघता चहा टाकायला गेली.

"मग तुम्ही काय समजून खेळत होतात?" मी अंगदला हळूच विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "मला वाटलं... परीक्षा असंल. आजकाल मुलाची बी घेत्यात म्हने."

हसू येण्यासारखंच होतं ते, पण मला हसायचं नव्हतं.

बैठकीत सगळं माझ्या डोक्यावरून बोललं गेलं. घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. तेव्हा वैशाखातला मुहूर्त धरू, असं आत्याचं म्हणणं. अंगदच्या घरचं ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं. त्याचे फेटेवाले वडील म्हणाले की पोरगी कॉम्प्युटर शिकलेली आहे हे बरंच झालं, बिलं करायला माणूस ठेवावा लागणार नाही. पुण्याच्या गेमचं मी सांगितलं तेव्हा ते प्रेमळपणे हसले. खेळायचं वय सरलं आता, म्हणाले.

आण्णांच्या जाण्यात ह्या लोकांना एवढंच दिसलं होतं, एक मुदत. दुधाच्या पिशवीवर असते तशी. मी सांगितलं की मला हे लग्न करायचं नाही, आणि उठून आत गेले. पेढे तसेच राहिले.

पण त्या मुलाचं बोलणं डोक्यातून जाईना. दोन दिवस रागात काढले आणि तिसऱ्या दिवशी बसले. त्या माणसाला मान वळवायला शिकवायचं म्हणजे खांदा किती फिरेल, पाऊल कुठे थांबेल, सगळं बारकाईने आठवावं लागतं. आण्णा मागे वळून बघायचे. मला सोबत माळावर नेलं की बांधाजवळ थांबायचे, वळायचे, मी दिसले की पुन्हा चालायला लागायचे. हेच मी गाळलं होतं, कारण तो चेहरा मला करवत नव्हता. आता केला. जमला तेव्हा लॅपटॉप बंद केला.

रविवारी अंगद आला. एकटाच. लग्नाचं बोलायला आलो नाही, म्हणाला. तो माणूस वळतो का तेवढं बघायचं होतं.

या वेळी तो पळाला नाही. पुढचा माणूस वळला, अंगद थांबला, मग सावकाश त्याच्या मागोमाग निघाला. वाळलेल्या गवतातून... कळपाच्या कडेकडेने. पाणवठा आला. काळविटांनी माना खाली घातल्या. त्याने हात काढून घेतले.

"कसा आहे?" मीच विचारलं.

"तुमचे वडील हायेत ना ते?"

मी मान हलवली.

"लई वेळ बघितलं त्यांनी," तो म्हणाला. "बरं वाटलं."

मग तो येत राहिला. खेळण्यासारखं नवीन काही उरलं नव्हतं तरी येत राहिला. आमच्या हरभऱ्यात उभा राहून दाणे सोलायचा आणि माझ्या काळविटांची शिंगं बकरीसारखी दिसतात म्हणून चिडवायचा. मी म्हणायचे, पाइप विकणाऱ्याने शिंगांत लक्ष घालू नये. तो म्हणायचा, शिंगात पीळ असतो, पाइपात नसतो, एवढं कळतं. मी हसायचे, आणि घरी गेल्यावर हसल्याचाही राग यायचा.

कंपनीने मुलाखतीला बोलावलं. गेम आवडला होता. वनरक्षक वळतो ती जागा त्यांनी पुन्हा पुन्हा लावून पाहिली. मग टेबलापलीकडच्या बाईंनी सहज विचारलं, वर्षभरात लग्न वगैरे नाही ना?

इथेही वर्षच. मी विचारलं, हे तुम्ही मुलांना विचारता का? त्यांनी माझा कागद बाजूला ठेवला. काम गेलं असं धरूनच मी गावी परतायला कर्जतची एसटी पकडली. पण आठवड्याने फोन आला. मार्चपासून या.

मी आईला सांगत होते तेवढ्यात लंकाआत्या आली, पदराने वारा घेत. अंगदने घरी सांगून टाकलं होतं, वैशाखात नको, मी तीन वर्षं थांबतो. त्याचा बाप आधी तापला, मग कबूल झाला. "सोन्यासारखा पोरगा हाय," आत्या म्हणाली. "तुझ्यासाठी थांबतोय. आता तरी त्वांड गोड कर."

मी स्कूटी काढली आणि थेट मिरजगावला त्याच्या दुकानात गेले. तो काळ्या पाइपांच्या वेटोळ्यांमध्ये उभा होता. मला बघून आधी हसला, मग नाही.

"थांबायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुनी न्हाई."

"तुमच्या वडिलांना विचारलंत. आत्याला कळवलंत. सगळ्यांनी मिळून माझी तीन वर्षं ठरवली. आधी एक ठरवलं होतं, आता तीन. मला कधी विचारणार होतात?"

तो काउंटरच्या अलीकडे आला. "भ्या वाटत हुतं. तुमी न्हाई म्हनाला असता तर..."

"तर नकार ऐकून घ्यायचा. मी काय कमी ऐकलंय?"

रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली. तिचा आवाज जाईपर्यंत तो थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "लग्नाचं सोडा. वर्षाचंबी सोडा. तुमी मला लई आवडता, संस्कृती. मी... आवडतो का तुमाला?"

मार्गशीर्षापासून सगळं घर माझ्या लग्नावर बोलत होतं. हा प्रश्न त्यात कुणीच विचारला नव्हता.

"हो," मी म्हणाले. रागातच म्हणाले. "पण कधी ते मी सांगेन. माझं काम उभं राहिलं की. आण्णांच्या श्राद्धावरून कुणी काही मोजायचं नाही."

"न्हाई मोजनार."

"आणि बिलं मी करणार नाही."

"मला येत्यात की."

दारातून एक शेतकरी आत आला आणि त्याने सोळा एमएमचा जॉइंट मागितला. अंगदने माझ्यावरची नजर न काढता मागे हात घातला आणि हाताला लागला तो नळ त्याला देऊन टाकला.