एकटा सारस

ज्याला हसायचं असेल त्यानं आताच हसून घ्यावं. मधे हसलात तर पुढचं सांगणार नाही. ही ऐकीव गोष्ट नाही. माझे वडील पुनाराम तेव्हा वीस वर्षांचे होते आणि त्या मिरवणुकीतला ढोल त्यांच्याच गळ्यात होता.

साल १९३८. भाद्रपदाची पौर्णिमा, दिवेलागणीची वेळ.

गाव चोरखमारा तलावाच्या अलीकडचं. नाव सांगत नाही. तिथं अजून माणसं राहतात, उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला?

आम्ही कोहळी. तळी बांधणाऱ्यांची जात. तळं भरलं की पाळीवरून, म्हणजे तळ्याच्या बांधावरून, मिरवणूक निघायची. कुणी कासव व्हायचं, कुणी मासोळी, कुणी बगळा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर तणस, म्हणजे धानाचा वाळला पेंढा, वरून चुना नाहीतर गेरू. सगळ्यांच्या पुढे सारसाची जोडी. दोन पुरुष उंच सांगाड्यांत शिरून नाचायचे. नर बांबूच्या पुंगीतून एक लांब हाक द्यायचा... मादी दोन आखूड हाकांनी उत्तर द्यायची. खरे सारसही असेच ओरडतात.

ज्या घरचे सारस पुढे, त्या घरच्या धानाला तळ्याचं पहिलं पाणी. तो मान आमचा होता. नर माझे आजोबा उदाराम, मादी त्यांचा धाकटा भाऊ बिसराम.

त्या उन्हाळ्यात बिसराम पटकीनं गेला. रीतीप्रमाणे त्याचा सांगाडा त्याच्याच सरणावर जाळला.

आणखी एक रीत होती. एकटा सारस काढायचा नाही. जोडी तुटली तर त्या वर्षी मान दुसऱ्या घरी.

पण तळं भरलं आणि पाऊस दडी मारून बसला. धान पोटऱ्यात आलेलं. आजोबांनी एकट्याचा सांगाडा बांधायला घेतला.

आजी, जमुनाबाई, पाया पडली. "नका जाऊ जी. एकटा सारस जोडीले बोलावते म्हणतेत."

"मंग धान वाळू देऊ? लेकरायले तणस चारू का?"

म्हातारा चैतरामही येऊन सांगून गेला, "उदाराम, काऊन विषाची परीक्षा पाहून राहिला गा?"

पालथ्या घड्यावर पाणी.

मिरवणूक पाळीवर चढली. आजोबांनी पुंगी वाजवली. एक लांब हाक.

आणि मागून...

दोन आखूड.

बाबांचा ढोल थांबला. वळून पाहिलं तर सगळ्यांच्या शेवटी एक सारस नाचत येत होता.

"वा गा! जोडी निघाली!" कासव झालेला खुशाल नावाचा गडी ओरडला. लोकांना वाटलं, उदारामनं कुणाला तरी गुपचूप तयार केलं.

बाबांना तसं वाटलं नाही. सांगाडा आमच्याच अंगणात बांधला होता. एकच बांधला होता.

तो जवळून पुढे गेला तेव्हा वास आला... जळलेल्या तणसाचा.

बाबांनी खाली पाहिलं. पाळीच्या ओल्या मातीत सगळ्यांची पावलं उमटली होती. त्याच्या मागे काहीच उमटत नव्हतं.

ढोल बंद, तरी दोन्ही सारस एका तालात नाचत होते.

शेवटी सारसांनी घाटावर उतरून तीनदा चोच बुडवायची आणि मागे फिरायचं, अशी पद्धत. तीनदा बुडवून झाली.

ते फिरले नाहीत.

दुसरा सारस पुढे, आजोबा त्याच्या मागे. गुडघाभर पाणी... कमरेएवढं पाणी...

"अजी, थांबा जी!"

आजी विळा घेऊन पाण्यात शिरली होती. तिनं आजोबांच्या सारसाची मान धरली आणि एका घावात तोडली. लाल डोकं पाण्यावर तरंगत गेलं. तिनं आजोबांना ओढून काठावर आणलं.

"बिसराम पुढं होता," आजोबा एवढंच म्हणाले. "मी त्याच्या मागं जाऊन राहिलो होतो."

दुसरा सारस मान वाकवून उभा होता. मग नव्हता. पाणी हललंसुद्धा नाही.

मान गेला, धान वाळलं. पण माणूस वाचला, असं सगळे म्हणाले. आजीनं मात्र विळा उंबऱ्याशी आणून ठेवला. जोडी तिनं तोडली होती. आता एकटा कोण उरला, हे तिला कळलं होतं.

पुढच्या वर्षी भाद्रपदाच्या पौर्णिमेला, दिवेलागणीला, तळ्याकडून हाक आली. दोन आखूड. पुढे काही नाही.

आजोबा खाटेवरून उठले. हात पुंगी शोधत होता.

आजी विळा घेऊन उंबऱ्यावर बसली. "बसा जी खाली. तुमचं कोणी नाही तिकडं."

ते बसले. दरवर्षी असंच. सात वर्षं.

१९४६ च्या श्रावणात आजी तापानं गेली.

भाद्रपदात उंबऱ्यावर बाबा बसले. हाक आली, आजोबा हललेच नाहीत. बाबांना वाटलं, सुटलो एकदाचे. देवाजवळ दिवा लावायला ते आत गेले. वात ओढायला लागतो तेवढाच वेळ.

परत आले... खाट रिकामी. पुंगी नाही.

पाळीवर आजोबांची पावलं घाटापर्यंत गेलेली होती. परतीची नव्हती. ढिवरांनी तीन दिवस जाळी टाकली, हाती काही लागलं नाही. बाबा मरेपर्यंत स्वतःला शिव्या देत राहिले, त्या एका दिव्यापायी.

गेल्या भाद्रपदाच्या पौर्णिमेला मी गावात होतो. दिवेलागणीला तळ्याकडून ऐकू आलं.

एक लांब...

मग दोन आखूड.

बायको म्हणाली, सारस असतील. असतील बाप्पा, मी कुठं नाही म्हणतो! पण आमच्या तळ्यावर सारस यायचे बंद होऊन तीस वर्षं झाली.

आजीचा विळा मी अजून उंबऱ्याशीच ठेवतो.