पाचवी रेघ

फणसवाडीतले शरदचंद्र धैर्यवान त्या रविवारी सकाळी शेवंतीला आणायला लोअर परळला निघाले, तेव्हा त्यांच्या हातात एक नारळ आणि दोराचं वेटोळं होतं. धैर्य काय ते आडनावातच, असं वाडीतले लोक म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. हा सरकारी कचेरीतला कारकून रस्ता ओलांडतानाही बायकोचा हात धरायचा. पण समुद्राचं वेड जबर. तीन वर्षं दर रविवारी प्रभादेवीच्या किनाऱ्यावर खपून त्यांनी एक नाव बांधून घेतली होती. नाव कसली, दोन रांगांत आठ लोखंडी पिंपं, वर सागाच्या फळ्या आणि चारी बाजूंनी कठडा. ना मासेमारी ना माल. नुसतं बसायचं आणि हवा खायची. वाडीने तिचं नाव ठेवलं होतं गच्ची.

गच्ची बांधली कोंडीरामने. तो गिरणीतला फिटर, मूळचा मालवणकडचा, शेवंतीचा नवरा. असा कारागीर शरदचंद्रांनी जन्मात पाहिला नव्हता. पिंपावर बोटाचं पेर आपटून आत वाटीभर पाणी असलं तरी तो सांगायचा. मधल्या पिंपांवर दोन्ही बाजूंना त्याने रेघा मारल्या होत्या. सगळ्यांत खाली तांबडी, ती रिकाम्या नावेची. तिच्यावर बोट-बोट अंतराने पांढऱ्या, माणसागणिक एक. भरतीच्या पाण्यात वाळूची पोती ठेवून त्याने एकेक रेघ पडताळून पाहिली होती.

"माणूस चढलो की पाणी एक रेघ चढतला," तो म्हणायचा. "पाचाच्या वर घेवचा नाय. बाकी सगळा माझ्यार सोडा."

मागचा डावा कोपरा त्याने स्वतःसाठी ठरवला होता आणि त्याच्या समोरचा उजवा शेवंतीसाठी. पहिली फेरी तिच्यासोबत, हा त्याचा शब्द होता. मग तो जानेवारी आला. मुंबईसह महाराष्ट्रासाठी शहर पेटलं, कोंडीराम मोर्चाला गेला आणि घरी आला तो चार खांद्यांवर. नाव वर्षभर वाळूवर पडून राहिली. तिच्याकडे बघितलं की शरदचंद्रांना भडभडून यायचं. वर्षश्राद्ध झालं, आणि त्याचा शब्द आपण पुरा करायचा असं त्यांनी ठरवलं.

किनाऱ्यावर त्यांची बायको वासंतीबाई आणि पंधरा वर्षांची मुलगी बेबी आधीच येऊन थांबल्या होत्या. नारळ वाहिला. कोळ्यांनी हात लावून नाव पाण्यात लोटली. शेवंती उजव्या कोपऱ्यात बसली आणि हळूच म्हणाली, "साहेब, डावो कोपरो मोकळो ठेवा." बेबी आणि वासंतीबाई पुढे बसल्या, शरदचंद्रांनी मध्ये उभं राहून वल्हं धरलं.

नाव काय सुरेख चालली! कुठे करकर नाही, हेलकावा नाही. वासंतीबाईंनी तर डब्यातल्या करंज्या काढल्या. किनारा बराच मागे पडला तसं धुकं खाली उतरलं, त्यात गिरण्यांचा धूर मिसळला आणि पाहता पाहता माडसुद्धा दिसेनासे झाले. सगळीकडे पांढरं, आणि फळ्यांखाली पाण्याचं डुबुक डुबुक. तेव्हा शरदचंद्रांच्या ध्यानात आलं, की मागचा डावा कोपरा रिकामा आहे आणि तरी नाव उजवीकडे कलत नाही.

त्यांनी वाकून रेघा पाहिल्या. माणसं चार होती. पाणी पाचव्या पांढऱ्या रेघेवर होतं.

पिंप गळतंय! दुसरं काय असणार? बायको आणि पोटची पोर नावेत, आणि परक्याची विधवा आपल्या भरवशावर आलेली. कोंडीरामचा एखादा जोड कच्चा राहिला, हा विचार मनात आला आणि भीतीपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं. ते फळ्यांवर पालथे पडले आणि कठड्याखालून हात घालून एकेक पिंप वाजवू लागले. एक, दोन, तीन... आठही पिंपं ठणठणीत कोरडी. कोंडीरामचं काम चोख होतं. आपण त्याच्यावर संशय घेतला म्हणून त्यांना लाज वाटली, पण ती क्षणभरच. पाणी नव्हे, तर मग हे वजन कसलं?

उठता उठता त्यांना वास आला, गिरणीतल्या तेलाचा आणि विडीचा. मागून, डाव्या कोपऱ्यातून, पिंपावर कुणीतरी पेर आपटलं.

ठक... ठक.

"बाबा, तुम्ही वाजवलंत?" बेबीने विचारलं. वासंतीबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

शेवंती समोरच्या रिकाम्या कोपऱ्याकडे टक लावून बघत होती. चेहऱ्यावर भीती नव्हती. "थांबा म्हणतत..." ती पुटपुटली. "वल्हा मारू नका."

शरदचंद्रांनी पुन्हा वल्हं उचललं होतं, ते तसंच आवरलं. नाव सरकत सरकत मंदावली, आणि धुक्यातून वल्ह्याच्या टोकाशी काळाकभिन्न खडक वर आला. आणखी एक हात मारला असता तर पुढची पिंपं त्यावर फुटली असती. मागून पुन्हा आवाज आला, या वेळी एकदाच. शेवंतीने हाताने दिशा दाखवली आणि त्यांनी नाव वळवली. दोनदा ठक झालं की थांबायचं, एकदा झालं की शेवंतीचा हात फिरेल तिकडे जायचं. त्यांच्या मनात येत होतं, वा रे गड्या, मेल्यावरही हात तोच!

वाळूचा वास आला, माड दिसले. गुडघाभर पाण्यात चौघं उतरले. शेवंती कठड्याला धरून तशीच उभी राहिली.

"आता घराक चला," ती कोपऱ्याकडे बघून म्हणाली. बराच वेळ वाट बघितली, मग पदराने डोळे पुसले. "ते येवचे नाय, साहेब. ऱ्हवांदे तेंका हय."

रिकाम्या नावेचं पाणी तांबड्या रेघेवर उतरलं नाही. ते डाव्या बाजूला पहिल्या पांढऱ्या रेघेवर राहिलं आणि नाव डावीकडे जराशी झुकून उभी राहिली. कोळी म्हणाले पिंप फुटलंय. शरदचंद्रांनी वाजवून दाखवलं. त्यानंतर त्यांनी नावेत चारांवर पाचवा माणूस कधी घेतला नाही. शेवंती महिन्या-दोन महिन्यांनी यायची, उजव्या कोपऱ्यात बसायची, कधी हसायचीसुद्धा. शरदचंद्रांना खडकांची भीती वाटेनाशी झाली.

महाराष्ट्राचं राज्य झालं, त्या पहिल्या मेच्या सकाळी ते पेढे घेऊन प्रभादेवीला गेले. ही बातमी कोंडीरामला नावेत जाऊनच द्यायची होती. शेवंतीला तिथेच बोलावलं होतं. ती अजून पोचली नव्हती.

भरतीवर नाव नांगराला हलत होती. आज ती डावीकडे झुकलेली नव्हती. अगदी समतोल होती. शरदचंद्र धोतर वर धरून पाण्यात शिरले, आधी डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून. दोन्ही बाजूंना पाणी दुसऱ्या पांढऱ्या रेघेवर होतं, दोन माणसांच्या.

पेढ्यांची पुडी त्यांनी फळीवर ठेवली आणि ते वाळूवर शेवंतीची वाट बघत बसले. ऊन डोक्यावर आलं तरी किनाऱ्यावरून कोणी आलं नाही.