आले थांब

मी वजनकाटे तपासायच्या खात्यात नोकरी केली. काट्यावर जे येत नाही त्यावर माझा विश्वास नाही. बायकोच्या मते त्यात तिचं बोलणंही मोडत होतं.

आजारपणात तिचा वेळ जावा म्हणून मुलीने व्हिडिओ गेम आणून दिला. कुरणात एक प्राणी पाळायचा. अंग पाणमांजराचं, तोंड घुबडाचं, कान हरणाचे; थोडक्यात, समितीने मंजूर केलेला प्राणी. त्याचं नाव बोलून सांगायचं होतं. तिने माइक तोंडाजवळ नेला आणि मी नेमका स्वयंपाकघरातून ओरडलो, "माझा चष्मा कुठे ठेवलायस?"

"आले, थांब," ती म्हणाली.

झालं. प्राण्याच्या डोक्यावर नाव उमटलं: आले थांब. ते बदलायची सोय नव्हती. मी चुकचुकलो, तिला हसू आवरेना. "असू दे रे. आता तू हाक मारलीस की आम्ही दोघंही येऊ."

ती गेल्यावर प्राण्याला मी खाऊ घालू लागलो. दुर्लक्ष झालं तर तो टेकडीपलीकडे जातो आणि परत येत नाही, असं खेळाच्या माहितीत होतं. घरातून आणखी कुणी जाणं मला झेपणारं नव्हतं.

पूर्वी तो पडद्याच्या मधोमध बसायचा. हळूहळू डाव्या कडेला सरकला आणि पॅसेजकडे तोंड करून बसू लागला. पॅसेजच्या टोकाला आमची झोपायची खोली. मी टीव्ही समोरच्या भिंतीशी हलवला. प्राणी उठून उजव्या कडेला गेला. तोंड पुन्हा पॅसेजकडेच.

"बाबा, तो गेम आहे, होकायंत्र नाही," मुलगी फोनवर म्हणाली. मग जरा हळू आवाजात, "रविवारी येऊन घेऊनच जाते मी तो. वेळेवर जेवणं होतायत ना?"

"हो, त्याला दोन्ही वेळा देतो."

"मी तुमचं विचारतेय."

शनिवारी टेकडीवरून कुरणात पावलांच्या दोन रांगा उतरलेल्या दिसल्या. एक पंजांची. दुसरी चपलांची, आणि त्यातलं डावं पाऊल फरफटलेलं. ऑपरेशननंतर बायको डावा पाय ओढत चालायची. खेळ बनवणाऱ्यांना हे कुणी कळवल्याचं मला आठवत नाही.

रविवारी मुलगी आली आणि वायर काढायला वाकली. तेवढ्यात प्राण्याच्या नावातला पहिला शब्द पुसला गेला. उरलं फक्त: थांब.

"काहीतरी बिघडलंय याचं," ती म्हणाली. पण हात तिने मागे घेतला होता. "पुढच्या वेळी नेते."

जाताना तिने पॅसेजमधला दिवा लावला. भर दुपारी.

मी स्वयंपाकघरात गेलो. चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता. तरी हाक मारली.

"माझा चष्मा कुठे ठेवलायस?"

मी टीव्हीसमोर येऊन उभा राहिलो.

कुरणात कुणी नव्हतं.

पडद्यावर एकच शब्द होता: आले.

माझ्या मागे, पॅसेजच्या फरशीवर, एक चप्पल घासत येत होती. तिच्या बरोबरीने नखं वाजत होती.