बावीस मीटर

मोजणीदार त्या महिन्यात तिसऱ्यांदा काकूंच्या दारात आला तो वैतागूनच. काम साधं. नदी वळणावर बाहेरचा काठ खाते आणि पलीकडे वाळू टाकते. काकूंचं घर नेमकं खाणाऱ्या बाजूला. काठ भिंतीपासून वीस मीटरच्या आत आला, की ऑफिस लांब माळावर नवं घर देणार. डोळ्यांदेखत काठ ढासळत होता, पण टेप दर खेपेला बावीसच दाखवायची. वर साहेबांनी सुनावलं होतं, "तुम्हाला मोजता तरी येतं का?"

जोडीदार रजेवर. मोजणीदाराने काठावर खुंटी ठोकली, टेपचं टोक तिला अडकवलं आणि भिंतीशी येऊन वाचलं. पुन्हा बावीस. त्याने कपाळावर हात मारला.

तेवढ्यात काठालगतच्या जमिनीला लांबलचक भेग गेली. धप्पकन आवाज झाला, ओल्या मातीचा वास आला, आणि खुंटीसकट काठ नदीत गेला.

टेप पडली नाही. पाण्यावर, हवेतच ताठ राहिली. मग तिला दोन हिसके बसले.

दोन हिसके म्हणजे टोक धरलंय, वाचा. ही त्यांच्या ऑफिसातली जुनी खूण.

काकूंचे यजमान त्याच ऑफिसात टेपचं टोक धरायचे. चार वर्षांपूर्वी काठ त्यांना घेऊनच पडला होता.

"काकू... काका त्या दिवशी कुठे उभे होते?"

"तिथंच," काकू उंबऱ्यातून हळूच म्हणाल्या. "साहेबांनी 'सोडा' म्हटल्याशिवाय टोक सोडायचं नाही, असा हेका. त्या दिवशी कुणी म्हटलंच नाही."

मोजणीदाराला भीतीहून जास्त राग आला. "अहो, सोडा की काका. घर अंगावर पडेल काकूंच्या..."

टेप सैल पडली. नव्या काठापर्यंत मोजलं तर चौदा भरले. काकूंना घर मंजूर झालं.

महिन्याने तो त्याच घराचा ताबा द्यायला माळावर गेला. नदी तिथून तीन कोस दूर. मागची जागा मोजायला त्याने भिंतीशी उभं राहून टेपचं टोक जमिनीवर ठेवलं. जोडीदार अजून गाडीतून उतरतच होता. टोक आपणहून सरकत पुढे गेलं. टेप ताठ झाली, दोन हिसके बसले.

"सोडा काका," तो कुजबुजला. "आता तरी सोडा..."

सुटेना. रडकुंडीला येऊन त्याने आकडा वाचला.

"किती भरलं?" काकूंनी नव्या दारातून विचारलं.

टोक थांबलं होतं तिथे, बावीस मीटरवर, कोरड्या ठणठणीत माळाला लांबलचक भेग गेली होती.