सेंट ऑस्विनचा तांबडा दिवा

चोरी झालेल्या जागेपुढे मुख्याध्यापक गिलो सवयीने गुडघा टेकून बसले आणि मग ओशाळून उठले.

"चाळीस वर्षांची सवय," पँट झटकत ते म्हणाले. "आत काही नाही हे माहीत असूनसुद्धा!"

सेंट ऑस्विन या कॅथलिक शाळेच्या चॅपलमधली वेदीवरची पितळी पेटी उघडी होती. तिच्यातलं चांदीचं पात्र, आतल्या पवित्र भाकरीसकट, सकाळी नाहीसं झालेलं आढळलं होतं.

"पोलिसांना नाही बोलावलंत?" मिस ब्रिजेट थ्रेलफॉलने विचारलं. लँकशर पोलिसांतून निवृत्त झाल्यापासून ती खाजगी तपास करायची.

"पेपरात येईल हो. शिवाय चोर कोण ते उघडच आहे. चॅपलची किल्ली शिपाई ऑर्मरोडकडे असते. शाळा सुटली की त्याला काढणार. फाटकाजवळची खोलीही रिकामी करायला सांगणार. तुम्ही फक्त पात्र शोधून द्या."

"म्हणजे शिक्षा आधी, तपास मागून. छान!" ब्रिजेट म्हणाली.

तिच्या मागे वॉल्टर पिलिंग टोपी हातात घेऊन उभा होता. तो तिचा शेजारी, निवृत्त औषधविक्रेता, पंथाने मेथडिस्ट, त्यामुळे कॅथलिक रीती त्याला परक्या. बायको गेल्यापासून कुणीही कुठेही बोलावलं तरी तो गाडी काढायचा. निघताना घरातला दिवा मात्र चालू ठेवायचा. त्यावरून ब्रिजेटने वाटेत त्याची यथेच्छ टिंगल केली होती.

"हा तांबडा दिवा कसला गं?" पेटीजवळ टांगलेल्या काचेकडे बोट दाखवत त्याने विचारलं.

"आत पवित्र भाकर असली की हा रात्रंदिवस जळतो. त्या भाकरीत साक्षात ख्रिस्त असतो अशी कॅथलिकांची श्रद्धा. धनी घरात आहेत, एवढाच दिव्याचा अर्थ." ती स्टुलावर चढली. "आत्ता विझलाय. पण मेणबत्ती अर्धी शिल्लक आहे, आणि वात चिमटीत धरून विझवलेली दिसतेय."

"वाऱ्याने विझला असेल."

"वाऱ्याला बोटं असतात का, वॉल्टर?"

शिपाई ऑर्मरोड आधीच कावलेला होता. "मला काय करायचंय ते भांडं, बाई? सकाळी आमच्या म्हाताऱ्या फादर कॉटमबरोबर मी चॅपल उघडलं. ते वेदीसमोरून तडक पलीकडे गेले, खिडकी उघडायला. मला दिवा विझलेला दिसला. मेणबत्ती बदलायला गेलो तर पेटीचं दार नुसतं लोटलेलं! जाऊन साहेबांना सांगितलं, तर माझ्यावरच उलटलं."

"फादर तडक गेले? मध्ये थांबलेच नाहीत?"

"नाही बा. त्यांचा गुडघा कामातून गेलाय ना."

बिचारे म्हातारे, पिलिंगला वाटलं. त्याचाही गुडघा थंडीत असाच अडून बसायचा.

शाळेचे हिशेब बघणारे स्वार्ब्रिक खुर्चीतून उठलेही नाहीत. "चांदी विकून व्यायामशाळेचं छप्पर करायचं ठरलंय. पात्र माझ्याच हातात येणार होतं, मग मी चोरू कशाला? नाताळच्या सुट्टीत चॅपल बंद होऊन तिथे अभ्यासिका होईल. पवित्र भाकर येत्या शुक्रवारी गावातल्या चर्चमध्ये हलवायची होती."

"फादर कॉटमना हे कुणी सांगितलं?"

"सूचना फलकावर लावलं होतं की."

साडेतीनला घंटा झाली. मुलं जिन्यांवरून धडधडत उतरली, बसमध्ये चढली, आणि एवढी मोठी इमारत बघता बघता गप्प झाली. पिलिंगला ती शांतता चांगलीच ओळखीची होती.

फादर वरच्या मजल्यावर राहत. एके काळी तिथे बारा धर्मगुरू होते. आता ते एकटेच उरले होते. हातात चहाची किटली घेऊन ते जिन्यातच भेटले. त्यांनी खोलीचं दार उघडलं, दोन पावलं आत गेले आणि खुर्चीला धरून एकदम गुडघ्यावर आले. पिलिंगने धावत जाऊन त्यांचा दंड पकडला.

"गुडघा दगा देतो वाटतं, फादर?"

"देतो कधीकधी," ते नजर चुकवत म्हणाले.

लांबलचक टेबलाभोवती बारा खुर्च्या होत्या आणि टेबलावर एकच कप. कपाटावर मुरंब्याच्या बरणीत मेणबत्ती जळत होती. बरणीला चॉकलेटचा तांबडा कागद गुंडाळला होता. नाताळची तयारी लवकरच सुरू झालेली दिसते, पिलिंगने मनात म्हटलं.

"काल संध्याकाळी काही ऐकलंत, फादर?" ब्रिजेटने विचारलं.

"शाळा सुटल्यावर इथे काही ऐकू येत नाही, पोरी. तेच तर आहे."

ब्रिजेट पिलिंगकडे वळली आणि हळूच म्हणाली, "वॉल्टर, गिलोसाहेबांना घेऊन ये."

गिलो आले ते घड्याळ बघतच. "ऑर्मरोड खाली थांबलाय."

"थांबू द्या. चांदीसाठी आलेला चोर दिवा विझवणार नाही. जळता दिवा बघून पेटीकडे कुणी लक्षच दिलं नसतं. दिवा विझला होता म्हणून तर ऑर्मरोड तिथे गेला. रिकाम्या पेटीपुढे दिवा जळणं म्हणजे खोटं बोलणं, असं ज्याला वाटतं त्यानेच तो विझवला."

"असे आम्ही इथे पुष्कळ आहोत."

"हो. पण साहेब, पेटी रिकामी आहे हे माहीत असूनही तुमचा गुडघा आपोआप टेकला. आणि तुमच्याहून जुनी सवय असलेला एक माणूस आज सकाळी, चोरीचा कुणाला पत्ताही नसताना, तिच्यासमोरून तडक चालत गेला."

"त्यांचा गुडघा दुखतो ना!" पिलिंग म्हणाला.

"वेदीपुढे न वाकणारा गुडघा स्वतःच्या खोलीत कसा वाकला, वॉल्टर? तो काही निसटला नव्हता. टेकला होता. कपाटाकडे तोंड करून. आणि त्या कपाटावर दिवा आहे. तांबडा."

फादरांनी कपाट उघडलं. पांढऱ्याशुभ्र कापडावर चांदीचं पात्र होतं.

"काल ऑर्मरोडने चॅपलला कुलूप लावायच्या आधीच आणलं. शुक्रवारपर्यंतच ठेवणार होतो," ते म्हणाले. "तेवढे दिवस तरी जवळ असावं म्हणून. साडेतीनला सगळे जातात. मग या घरात तो आणि मी, दोघंच. तो गेल्यावर मी एकटा राहणार. मला एकटं राहायची भीती वाटते, गिलो."

"मला सांगायचंत, फादर!"

"कधी? तू वर येतोस कुठे?"

गिलोंची मान खाली गेली.

"ऑर्मरोडची नोकरी जाणार होती, फादर," ब्रिजेट म्हणाली. "राहती खोलीही."

फादर दचकले. "माझ्यामुळे? अगं, मला कुणी सांगितलंच नाही! चला, आधी त्याच्याकडे चला."

फादरांनी त्याची माफी मागितली. गिलोंनीही मागितली, जरा उशिराने. मग पात्र पुन्हा पेटीत गेलं आणि फादरांनी स्वतः तांबडा दिवा लावला. शुक्रवारी भाकर हलवायची नाही, नाताळपर्यंत तरी दिवा विझणार नाही, असं गिलोंनी कबूल केलं.

"आणि नाताळनंतर?" फादरांनी विचारलं.

पिलिंग टोपी चुरगाळत उभा होता. "फादर, मला तुमच्यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "पण मटण-बटाट्याचा हॉटपॉट मी बरा करतो. माझ्याकडे जेवायला या. आज या, नाताळनंतरही या."

फादरांनी दिव्याकडे बघितलं. "आज नको. आजच तर तो परत आलाय."

"मग मी पातेलं इकडे घेऊन येतो. खुर्च्या काय, भरपूर आहेत."

सहाच्या सुमाराला लांबलचक टेबलावर चार ताटल्या मांडल्या गेल्या, चौथी ऑर्मरोडची. ब्रिजेट बटाट्यात मीठ कमी असल्याची तक्रार करत होती आणि फादर दुसऱ्यांदा वाढून घेत होते. पिलिंगच्या घरचा दिवा तिकडे जळतच होता. त्याला मात्र त्याची आठवणही झाली नाही.