चौदा सेकंदांचा चेहरा

"शिलाई मशीन दोन दिवसांसाठी मिळेल का?" मी शिंप्याच्या दुकानाच्या दारातूनच विचारलं.

तो कापडावर खडूने रेघ ओढत होता. रेघ पूर्ण झाल्यावरच त्याने मान वर केली.

"मिळेल. पण अनोळखी हातात ते रुसतं. सोबत मलाही यावं लागेल."

"तुम्हीही रुसता का?"

"ते… येऊनच कळेल," तो म्हणाला आणि इतकं सरळ हसला, की कशासाठी आले होते ते मी क्षणभर विसरलेच.

चित्रपट शिकण्याचं माझं शेवटचं वर्ष होतं. बारा मिनिटांची फिल्म करत होते. मुलाला ओळखेनासे झालेले वडील, आणि त्यांच्यासाठी कोट शिवणारा मुलगा. वर्गातल्याच एका मित्राला नायक केलं होतं. अभिनय उत्तम, पण हातात सुई आली की गडी भाजी निवडायला बसल्यासारखा दिसायचा! शेवटी कॅमेरावाली मैत्रीण वैतागली, "चेहरा याचा ठेव, हात त्या शिंपीबुवांचे घे."

तसंच केलं. काय हात होते ते! दोरा ओवताना जराही न थरथरणारे… कापडावरून फिरताना कुणाची तरी समजूत काढणारे.

दुसऱ्या दिवशी शूटिंगच्या खोलीच्या पत्र्यावर पाऊस तडतडू लागला. आवाज नीट येईना, शूटिंग थांबलं. आम्ही दोघं मशीनपाशीच बसून राहिलो.

"मॅडम, तुमच्या बाहीचं बटण लोंबतंय."

"मॅडम नको. आणि 'तुम्ही'ही नको."

"मग हात पुढे कर," तो हळूच म्हणाला.

त्याने बटण लावलं. चार टाके. इतका वेळ मी श्वासच घेतला नव्हता बहुतेक! पाऊस थांबल्यावर मी त्याचा एक शॉट घेतला. फिल्ममधल्या मुलाच्या शेजारच्या दुकानातला शिंपी मान वर करून हसतो, एवढाच. चौदा सेकंद.

एडिटिंगला बसले तेव्हा सरांनी तो शॉट दोनदा पाहिला. "हा फिल्मसाठी आहे की तुझ्यासाठी?"

मी लालबुंद झाले. पण सरांचं खरं होतं. तो हसला की बघणारा त्या बापलेकांना विसरून जायचा. मी शॉट काढला. फिल्म एकदम मोकळी झाली… पण त्याला ते सांगितलं नाही. रोज मी दुकानावरून जाताना तो विचारायचा, "कसा दिसतो मी?" आणि मी भित्र्यासारखी म्हणायचे, "येऊन बघ की!"

फिल्म दाखवायच्या दिवशी तो स्वतः शिवलेला कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. सोबत आई, दादा, वहिनी. आईला त्याने पहिल्या रांगेत बसवलं.

बारा मिनिटं संपली. टाळ्या थांबेचनात. सरांनी पाठ थोपटली. मी त्याला शोधत बाहेर आले, तर तो व्हरांड्यात एकटाच उभा होता.

"अभिनंदन. छान झालीय तुमची फिल्म."

तुमची! टाचणी टोचावी तसं झालं.

"ऐक ना…"

"चेहरा वाईट होता का माझा?"

"नाही रे, फार चांगला होता. सगळे तुझ्याकडेच बघत बसले असते. मी तर बसलेच होते."

तो हसला नाही. "कापल्याचं वाईट नाही वाटलं. मी रोज कापतो. पण गिऱ्हाइकाला न सांगता बाही आखूड करत नाही. घरी सगळ्यांना सांगून बसलो होतो मी."

"चुकलं माझं. सांगितलं असतं तर तू आला नसतास, ही भीती होती. फिल्म तुझ्याशिवायही दाखवता आली असती… पण मला तू यायला हवा होतास." आणि मग बोलूनच टाकलं, "मला तू आवडतोस."

तो नजर चुकवून शर्टाची बाही सरळ करत राहिला. मग मी सभागृहात गेले आणि त्याच्या आईसमोर उभी राहिले. "काकू, यात तुमच्या मुलाचा चेहरा होता. मी काढला, आणि त्याला सांगितलंही नाही."

त्यांनी डोळे पुसले. "अगं, चेहरा तर मी रोज बघते. जेवायला आला की बघते, चिडला की बघते. त्याचे हात असे कधी बघितलेच नव्हते गं…"

मागे वळले, तर तो दारात उभा. ऐकत होता. डोळे भरलेले.

काकूंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पदर सावरत उठल्या आणि दादा-वहिनींना म्हणाल्या, "चला, आपण पुढे होऊ. ही दोघं येतील सावकाश."

ते गेल्यावर तो माझ्याजवळ आला. "किती सावकाश चालतेस तू?"

"खूपच," मी म्हणाले.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि माझा हात हातात घेऊन दाराकडे निघाला.